तीन फुटांवरून पाहिलेलं पार्क

मे महिन्यातल्या शुक्रवारी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, रविवारी वॉटर पार्कला जायचंय. हिला कालपासून ताप आहे. तोवर उतरेल ना?’ तिकिटं काढून झालेली असतात, गाडी ठरलेली असते, आत्याकडची मंडळी शनिवारी मुक्कामाला यायची असतात. त्यामुळे विचारणारी आई तापाबद्दल विचारते, पण तिला हवी असते परवानगी. मी नाही म्हणते आणि त्या घरापुरती त्या दिवसाची खलनायिका होते.

अशा सहलींना माझा विरोध आहे, असा अर्थ कृपया काढू नका. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा आम्ही मेडिकलच्या पहिल्या वर्षांतली मुलं बोटीत बसून तिथं गेलो होतो आणि दिवसभर हुंदडलो होतो. पुढं २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं आणि आता तर बहुतेक मोठ्या शहरांच्या वेशीवर एखादं तरी वॉटर पार्क असतं. मात्र आम्ही गेलो तेव्हा वीस वर्षांचे होतो. आता पालक तीन वर्षांचं मूल घेऊन जातात आणि दिवस मात्र वीस वर्षांच्या माणसाचा आखतात. गोंधळ तिथं होतो.

तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तीन फूट असते. अशा ठिकाणी गेलात तर एकदा त्या उंचीपर्यंत खाली बसा आणि भोवती पाहा. गर्दी म्हणजे फक्त पाय दिसतात. तापलेल्या फरशीची धग थेट तोंडावर येते. आणि जे पाणी तुमच्या गुडघ्याला लागतं, ते मुलाच्या कमरेला लागतं. मूल उभं असेल तर कमरेला. पाय घसरून ते पालथं पडलं, तर तेच पाणी त्याच्या डोक्यावर असतं.

काही वर्षांपूर्वीचा एक रविवार. संध्याकाळी पाचच्या सुमाराला साडेतीन वर्षांच्या एका मुलाला आमच्या अपघात विभागात आणलं. अंगावर ओली चड्डी, भोवती टॉवेल. श्वास चालू होता, पण धाप लागलेली होती, ओठ निळसर होते, आणि हाक मारली की तो डोळे उघडून पुन्हा मिटत होता. सोबत सहा मोठी माणसं होती. आई-वडील, काका-काकू, आजी-आजोबा. लहान मुलांसाठीच बांधलेल्या, गुडघाभर पाण्याच्या तळ्यात हा प्रकार घडला होता.

मी नंतर एकेकाशी बोलले. आई धाकटीचे कपडे बदलायला गेली होती. वडील लॉकरच्या रांगेत होते. काका मोबाइलवर मुलांचा व्हिडिओ काढत होते, पण दुसऱ्या टोकाच्या मुलांचा. काकूंना वाटलं, तो काकांबरोबर आहे. आजी-आजोबा सावलीतल्या बाकावर होते आणि तिथून तळं स्पष्ट दिसत होतं. आजोबा म्हणाले, ‘मी बघत होतो हो. मला वाटलं, तोंड पाण्यात घालून खेळतोय.’ एका कॉलेजातल्या अनोळखी मुलीला शंका आली आणि तिनं त्याला उचललं. तिथल्या जीवरक्षकानं तोंडानं श्वास दिला. ती मुलगी आणि तो जीवरक्षक नसते, तर मी आज हा लेख वेगळा लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता.

आजोबांना मी दोष देत नाही. बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा वाचवा’ ओरडतो, हे चित्र आपल्या डोक्यात सिनेमानं भरलं आहे. खरं बुडणं शांत असतं. ओरडण्यासाठी आधी श्वास घ्यावा लागतो, आणि ज्याचं तोंड पाण्याखाली-वर होतं आहे त्याला श्वासच पुरत नाही, तर आवाज कुठून येणार? हात वर उचलले जात नाहीत, ते आपोआप दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला ते खेळणंच वाटतं. लहान मूल तर एवढीही धडपड करत नाही. त्याचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं. जन्मतः डोकं एकूण लांबीच्या चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसात सातवा-आठवा. त्यामुळे मूल पुढं झुकलं की डोक्याच्या भारानं पालथं होतं आणि हातांवर जोर देऊन उठणं त्याला जमत नाही. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. पाणी किती खोल होतं याला मग फारसा अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत बुडण्याची गणना करते, आणि त्यात समुद्र-नद्यांइतकीच घरची बादली आणि उथळ पाणीही असतं.

सहा माणसं होती म्हणूनच त्या मुलाकडे कुणी पाहत नव्हतं. एकच असतं, तर त्यानं नजर हलवली नसती. म्हणून माझा सल्ला असा की पाण्यात उतरण्याआधी पाळी लावा. एका वेळी एकच माणूस, पंधरा-वीस मिनिटं, नाव घेऊन. ‘आता मी बघतेय’ असं मोठ्यानं म्हणायचं आणि पाळी संपली की पुढच्याच्या तोंडून ‘आता मी’ ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. आमच्या घरी भाचरं लहान असताना आम्ही एक भडक लाल टोपी ठेवली होती. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याच्याकडे मोबाइल नाही, वडापाव नाही, गप्पा नाहीत. आणि बघायचं ते काठावरून नव्हे, पाण्यात उतरून, हात लांबवला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावरून. दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवर भिस्त ठेवू नका. ते निसटतात, फुटतात, आणि मुख्य म्हणजे आपल्याला निर्धास्त करतात. अंगावर नीट बसणारं लाइफ जॅकेट मिळालं तर घ्या, पण तेही माणसाच्या जागी नव्हे.

आणि वेळ आलीच तर? मुलाला उलटं धरून झटकायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास चालू नसेल तर सपाट जागी उताणं ठेवून, हनुवटी उचलून, आधी पाच वेळा तोंडानं श्वास द्यायचा. मूल तरीही हालचाल करत नसेल, तर छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, दोन श्वास. दाब छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश खोल जायला हवा. एकानं १०८ला फोन करायचा. हृदय अचानक थांबलेल्या मोठ्या माणसात नुसत्या छातीवरच्या दाबांनी वेळ निभावते. बुडालेल्या मुलात मात्र मूळ अडचण प्राणवायूची असते, म्हणून श्वास आधी.

पाण्यात गटांगळी खाल्लेलं मूल लगेच सावरलं, खोकलं, रडलं आणि पुन्हा खेळायला लागलं, तर घाबरू नका. पण पुढचे सात-आठ तास त्याच्याकडे लक्ष ठेवा. खोकला थांबतच नाही, श्वास भरभर होतोय, उलट्या होतात, किंवा अवेळी सुस्ती येते असं दिसलं, तर रुग्णालयात आणा. ‘कोरडं बुडणं’ नावानं चार दिवसांनी अचानक मृत्यू होतो असे जे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांना वैद्यकशास्त्रात आधार नाही. ज्याला त्रास होणार, त्याला तो पहिल्या काही तासांतच दिसू लागतो.

आता उन्हाचं. कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं त्या दिवशी कडाक्याचं ऊन होतं. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते, आणि नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या, असं सांगतात. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पार्कचा पहिला दिवस पाण्यावाचून फजितीचा ठरला. आपण मात्र सत्तर वर्षांनंतरही पाण्याची एकच बाटली घेऊन निघतो.

लहान मुलाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा विस्तार मोठा असतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की तेवढ्याच वेळात ते आपल्यापेक्षा जास्त उष्णता शोषतं. घाम मात्र कमी येतो. शिवाय तहान लागली हे खेळाच्या नादात कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. वॉटर पार्कमध्ये फसगत आणखी मोठी, कारण अंग सतत ओलं आणि गार असतं. आपल्याला वाटतं, ऊन लागतच नाही. मूल मागत नसलं तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाजा. पाणी, ताक, लिंबू सरबत, कोकम, घरचं पन्हं, काहीही चालेल. लघवी हाच सगळ्यांत खात्रीचा मापक आहे. पाच-सहा तासांत मुलाला लघवीच झाली नाही, किंवा झाली ती गर्द पिवळी, तर पाणी कमी पडतंय.

ओआरएसची पुडी जवळ ठेवायला हरकत नाही, पण ती खरी ओआरएसच हवी. एक लिटर पाण्यात विरघळवायची, साडेवीस ग्रॅमची पुडी, आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख. पुडी अख्खी आणि पाणी मोजून एक लिटर. अर्धी पुडी अंदाजानं पेल्यात टाकली की मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. खोक्यात मिळणारी रंगीत गोड पेयं वर्षानुवर्षं त्याच नावाच्या आडोशानं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, हे फार बरं झालं. जुलाबानं सुकलेल्या मुलाला ती जास्त साखरेची पेयं पाजली तर जुलाब वाढतात.

बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून ओढणी किंवा दुपटं पांघरतात. आत वारा खेळत नाही आणि बाळ भट्टीत बसल्यासारखं होतं. छत्री धरा, कापड नको. अनवाणी पायांकडेही लक्ष द्या, दुपारच्या फरशीनं तळव्यांना फोड आलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि मूल खूप तापलं, बरळायला लागलं, झोपाळू झालं किंवा झटका आला, तर तो उष्माघात असू शकतो. तिथं पॅरासिटामॉल कामाचं नाही. तापात मेंदूनं ठरवलेला अंगाचा पारा चढतो, तो औषधानं उतरतो. उष्माघातात पारा तिथंच असतो, शरीराचीच गार होण्याची यंत्रणा कोलमडते. म्हणून सावलीत नेऊन कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

पाळण्यांबद्दल लोक मला जास्त विचारतात, पण खरं सांगायचं तर तिथं सांगण्यासारखं कमी आहे. उंचीची पट्टी पाळा, एवढंच. ती पट्टी वयाची नसून उंचीची का, तर आडवा दांडा आणि पट्टा ठरावीक मापाच्या शरीरावरच बसतो. बुटकं मूल त्याखालून सरकतं. शिवाय जड डोकं आणि कच्ची मान यांना जोराचे हिसके सोसत नाहीत. मुलाला जाड तळव्याचे बूट घालून, वर टाचा उंच करायला सांगून पट्टीला लावणारे वडील मी रांगेत पाहिले आहेत. दोन बोटांची लबाडी कुणाशी करतो आहोत?

घसरगुंडीबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण ती निरुपद्रवी वाटते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मांडीत घेऊन आई-बाबा घसरगुंडीवरून येतात. मुलाचा पाय कडेला किंवा तळाला अडकतो, आणि मागून मोठ्या माणसाचं सगळं वजन खाली ओढत असतं. नडगीचं हाड पिळवटून मोडतं. मूल एकटं घसरलं असतं तर पाय अडकल्यावर थांबलं असतं. अशी मुलं आमच्याकडे येतात तेव्हा आई रडत असते, ‘मी तर त्याला घट्ट धरलं होतं.’ तेच तर कारण असतं. मूल एकटं घसरू शकत नसेल, तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही, आणखी एक वर्ष थांबा.

पोटाचे विकार थोडक्यात. ज्याला गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले, त्याला सार्वजनिक पाण्यात उतरवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही काही दिवस तग धरतो, आणि तुमच्या मुलाकडून तो शंभर मुलांना मिळू शकतो. पाणी गिळू नये हे मुलांना शिकवा. लंगोट घालणाऱ्या बाळांना दर तासाभरानं तळ्यापासून दूर नेऊन तपासा. खाण्याआधी साबणानं हात. बास.

आता आनंदाचं बोलू, कारण शेवटी आपण त्यासाठीच जातो. वॉल्ट डिस्नेंनी सांगितलं आहे की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून राहत, तेव्हा त्यांच्या मनात आलं की मुलांना आणि आई-बापांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी. तशी जागा झाली, आपल्याकडेही आली, आणि आई-बाप पुन्हा बाकावर जाऊन मोबाइल घेऊन बसले!

माझी भाची तीन वर्षांची असताना आम्ही तिला अशाच एका पार्कात नेलं. माणशी हजाराच्या वर तिकीट. तिला दारापाशीचं कारंजं सापडलं. जमिनीतून पाणी उसळायचं, थांबायचं, पुन्हा उसळायचं. ती पाय ठेवायची, किंचाळायची, पळायची. पाऊण तास. तिच्या वडिलांचा जीव वर-खाली होत होता, कारण अजून ‘काहीच’ झालं नव्हतं. नंतर छोट्या आगगाडीत चार वेळा. दुपारी एकला ती रडायला लागली, दीडला माझ्या खांद्यावर झोपली, आणि आम्ही घरी आलो. पैसे वसूल झाले नाहीत असं भावोजींचं आजही म्हणणं आहे. मुलीला विचाराल तर ती त्या कारंज्याबद्दल अजून बोलते.

तीन-चार वर्षांच्या मुलाचा उत्साह साधारण तीन-चार तास टिकतो. रोज दुपारी झोपणाऱ्या मुलाला झोप हवीच असते, मग समोर हत्ती नाचो की परी. दार उघडताच आत जा, ऊन चढायच्या आत मोठं ते उरका, आणि दुपारी एकतर सावलीत झोपवा किंवा परत फिरा. भुताच्या घरात, अंधाऱ्या बोगद्यात मूल जायला नको म्हणालं तर नको. ‘मुलगा असून घाबरतोस’ हे वाक्य त्या दिवशी तरी घरी ठेवून जा. चार वर्षांच्या मुलाला खरं भूत आणि रंगवलेलं भूत यातला फरक पक्का कळत नाही, आणि पुढचे पंधरा दिवस रात्री तुम्हालाच उठावं लागतं. सकाळी निघतानाच मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा आणि दंडावर पेनानं तुमचा मोबाइल नंबर लिहा. हरवलेल्या मुलाच्या आईला ‘कपडे कुठल्या रंगाचे’ हे आठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

परतीचा प्रवास सगळे विसरतात. दिवसभर उन्हात दमलेला बाप रात्री नऊला महामार्गावर गाडी चालवतो आणि पुढच्या सीटवर आईच्या मांडीत मूल झोपलेलं असतं. ब्रेक लागला तर आईच्या हातांत मुलाला धरून ठेवण्याची ताकद नसते, आणि समोरची एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाची असते. मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या आसनात, पट्ट्यात. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी हे बंधनकारकही केलं आहे. बापाला झोप येत असेल तर वाटेत थांबा, चहा प्या, वीस मिनिटं डोळे मिटा.

तो साडेतीन वर्षांचा मुलगा दोन दिवस आमच्याकडे होता. पहिली रात्र प्राणवायूवर गेली, दुसऱ्या सकाळी त्यानं बिस्कीट मागितलं. घरी सोडताना आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘डॉक्टर, आता याला पाण्याजवळ न्यायचंच नाही ना?’ मी म्हटलं, न्यायचं. एक-दोन वर्षांनी पोहायला शिकवायचं. शाळेच्या वयातल्या मुलांना पोहणं आणि पाण्यात सुरक्षित कसं राहायचं हे शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यांना विचारलं, तुम्हाला येतं का पोहायला? म्हणाले, ‘येतं की. गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलो. काकांनी ढकललं होतं.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पण काका आधीच पाण्यात उतरून उभे होते.’